पत्रिकेत आईची जागा

"डोकं लावू नको." आखाडा बाळापूरच्या छापखान्यात मी कामाला लागले त्या दिवसापासून हे वाक्य ऐकून राहिले आहे. मालक वाईट माणूस नाही. चहा आला की पहिला कप मला देतो. पण मी काही वेगळं करायला गेले की हे वाक्य ठरलेलं. घरी तरी काय वेगळं होतं? लहानपणी एकदा मी भाकरी चौकोनी थापून बघितली, तर आई म्हणाली, "लई शहाणी झालीस का?" आता मला सांगा, शहाणं म्हणणं ही काय शिवी झाली? आमच्याकडे आहे. शहाणी, अतिशहाणी, दीडशहाणी. शहाणपण जितकं जास्त तितकी शिवी मोठी. आणि जे लेकरू तोंडातून शब्द काढत नाही त्याचं कौतुक, कसं गुणाचं आहे म्हणून.

आमच्या छापखान्याचं मुख्य काम लग्नपत्रिकांचं. रानातली हळद विकली गेली की लग्नं निघतात आणि मग आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. पत्रिका करायची रीत अशी की गिऱ्हाईक खिशातून दुसऱ्याच कुणाची तरी पत्रिका काढतं आणि म्हणतं, "हिच्यावानी करा." मी कॉम्प्युटरवर जुनी फाइल उघडायची, नावं बदलायची, झाली पत्रिका. एकदा मालकानं स्वतः घाईत एक पत्रिका लावली. तिच्या तळाशी जुन्या फाइलमधली ओळ तशीच राहिली, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं', आणि पुढं चार लेकरांची नावं. नवरी घरात थोरली, पाठच्या बहिणी अजून शाळेत. भाचरं आणणार कुठून? पत्रिका गावोगाव गेल्या, लग्न लागलं, पंगती उठल्या, पण ही लेकरं कुणाची म्हणून एकानं विचारलं नाही. मला आधी हसू आलं आणि मग असा राग आला की विचारू नका. म्हणजे आम्ही रात्रंदिवस छापतो ते कुणी वाचतच नाही.

तर अशा या छापखान्यातून मालक मला एकदा हिंगोलीला व्याख्यानाला घेऊन गेला. विषय होता, आपल्या धंद्यात सृजनशील विचार कसा करावा. वक्ते बाहेरून आलेले, गुळगुळीत बोलणारे. त्यांनी आम्हाला विटेचे जमतील तेवढे उपयोग लिहायला लावले. लोकांनी लिहिलं, चूल मांडायला, दाराला टेकू द्यायला, उशाला घ्यायला. मला त्या विटेचा वीट आला. मी उठून विचारलं, "सर, सगळ्यांच्या पत्रिका एकसारख्याच काहून असतात?" ते म्हणाले, "ताई, प्रश्न शेवटी." शेवटी जेवण होतं. परतताना मालक मोठ्या उत्साहात म्हणाला, "आता आपणबी नवा विचार करायचा." दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या पत्रिकांच्या कोपऱ्यात सोनेरी मोर टाकला. हा त्याचा नवा विचार.

मोर येऊन थोडेच दिवस झाले होते. कुरुंद्याकडची एक बाई छापखान्यात आली, सोबत लग्न ठरलेली लेक आणि बाईचा धाकटा दीर. लेक पाळण्यात असताना नवरा गेलेला. मागं राहिलेल्या रानात बाईनं हळद केली, लेकीला नर्सिंगला घातलं आणि स्थळही तिनंच शोधलं. बाकावर बसल्या बसल्या लेकीनंच मला हे सांगितलं. तेवढ्यात दिरानं खिशातून भावकीतली एक पत्रिका काढली. "हिच्यावानी करा."

मी फाइल उघडली आणि सहज विचारलं, "निमंत्रक म्हणून आईचं नाव टाकू ना?"

"नको," दीर म्हणाला. "वर भावाचं नाव घ्या, कैलासवासी लावून. निमंत्रक मी."

"मग यांचं नाव कुठं टाकू?"

"शुभकार्यात तशा बाईचं नाव घालत न्हाईत, मॅडम."

"तशा म्हणजे कशा?" मी विचारलं.

आतल्या खोलीतून मालकाचा आवाज आला, "डोकं लावू नको. सांगितलं तेवढं कर."

केलं. पहिला नमुना काढून बाईच्या हातात दिला. दीर म्हणाला, "तपासून घ्या तुमी, मी खताच्या दुकानात जाऊन येतो," आणि गेला. त्या पत्रिकेत कोण नव्हतं? गणपती होता, कुलदेवी होती. मेलेला बाप होता. बाईचे भाऊ होते, कारण मामा लागतात. चुलते होते, चुलत चुलते होते, प्रमुख उपस्थितीत माजी सरपंच होता, मंडपवाला होता, सगळ्यात खाली आमच्या छापखान्याचं नाव आणि मोबाइल नंबर होता. मोरसुद्धा होता. नव्हती ती फक्त जिनं लेकरू पोटात वाढवलं ती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या माणसाचं नाव शुभकार्यात चालतं आणि जित्या बाईचं चालत नाही, हा कुठला न्याय? विचारलं तर सगळे एकच सांगतात, पहिल्यापासून असंच आहे. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? ज्यानं त्यानं दुसऱ्याची पत्रिका खिशातून काढली आणि हिच्यावानी करा म्हटलं, तेव्हापासून.

बाई वाचत होती. ओळीखाली बोट धरून वरपासून खालपर्यंत वाचलं, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. मग माझ्या टेबलाशी येऊन हळू म्हणाली, "ताई, माझं नाव कुटं बसतं का बघा की. बारीक असलं तरी चालंल."

त्या 'बारीक'नं माझं डोकं फिरलं. वीस वर्षं रानात राबलेली बाई स्वतःच्या लेकीच्या पत्रिकेत बारीक जागा मागून राहिली होती, तीही माझ्याकडं, जशी काही पत्रिका माझ्या बापाची.

मी जागा शोधायला लागले. मामांच्या खाली टाकून बघितलं, तर तीही मामाच वाटायला लागली. भाऊबंदांच्या गर्दीत टाकलं तर दिसेना. नवऱ्याच्या नावाशेजारी टाकलं, तर त्याच्या आधी 'कै.' आणि हिच्या आधी 'श्रीमती', लग्नाची पत्रिका वाचायच्या आधी दुखवटाच दिसायचा. कुठंही ठेवा, ते नाव ठिगळासारखं दिसायचं. मी चिडून हात बाजूला घेतले. आणि मग ध्यानात आलं की मी मूर्खासारखी जागा काय शोधत बसले? ही सगळी पत्रिका त्या दिराच्या तोंडून बोलून राहिली आहे. दुसऱ्याच्या तोंडात हिचं नाव कुठं बसणार?

मी ती फाइल बंद केली आणि कोरं पान उघडलं. इतक्या वर्षांत पत्रिकेसाठी कोरं पान मी कधी उघडलं नव्हतं. बाईला म्हटलं, "मावशी, शेजारणीला लेकीच्या लग्नाचं कसं सांगता तुमी?"

"कसं म्हंजे? सांगते आपलं."

"मी शेजारीण आहे असं समजा. सांगा."

ती लाजली. लेकीकडं बघितलं. लेक म्हणाली, "सांग की आई." मग ती पदर सावरून, खरंच कुणाच्या दारात उभी असल्यासारखी बोलायला लागली. "माझ्या लेकीचं लग्न हाय. तिचे वडील असते तर तेच आले असते सांगायला. ते न्हाईत म्हणून मी आले. मी एकलीनं तिला वाढवलं, पण तुमी समद्यांनी आमाला संभाळून घेतलं. आता अक्षता टाकायला या. जेवल्याबिगर जाऊ नका." मी एकही शब्द न बदलता टाइप केलं. त्याच्याखाली मुला-मुलीची नावं, दिवस, वेळ, ठिकाण. आणि तळाशी तिचं नाव, नुसतं नाव, चांगलं ठसठशीत. लेकीनं ते पडद्यावर बघितलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

"असं चालतं व्हय?" बाईनं विचारलं.

"छापलं की चालतंय," मी म्हटलं.

नवं सुचायला आधी चिडावं लागतं, असं माझं तेव्हापासून मत झालं आहे. शांत डोक्यानं विटेचे उपयोग सुचतात. मोर सुचतो. जे आहे ते बराबर आहे असं वाटणाऱ्याला दुसरं काही सुचायचं कारणच काय? आपण मात्र लेकराला पहिल्यांदा शिकवतो ते चिडू नको, उलटं बोलू नको, आणि मग मोठेपणी त्याला व्याख्यानाला पाठवतो.

मालकानं बाहेर येऊन पडद्यावरचं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "त्यो दीर येऊन बोंबलंल. ही पत्रिका हाय का? पुसून टाक ती. जुनीच लाव."

मी तोंड उघडायच्या आत बाई बोलली. "पैसे कोण देऊन राहिलं, मालक?"

"तुमीच की."

"मग माझ्या बोलण्यावानी छापा."

गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा, हा मालकाचाच मंत्र. तो आत निघाला. जाता जाता एवढंच विचारलं, "मोर तरी ठेवायचा का?"

"मोराचं काय काम तिथं?" बाई म्हणाली, आणि दीर परत यायच्या आत लेकीला घेऊन खताच्या दुकानाकडं निघाली.

दोन दिवसांनी तिघंही पत्रिका न्यायला आले. दिरानं गठ्ठा सोडून वरची पत्रिका उचलली. छापखान्यात उभं राहून लग्नाची पत्रिका शब्दन् शब्द वाचणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. त्यानं ती उलटी करून मागचा कोरा भाग बघितला, पुन्हा सुलटी केली. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"वैनी," तो म्हणाला, "ह्याच्यात माझं नाव कुटं हाय?"

मी उत्तर तयारच ठेवलं होतं, चांगलं जिव्हारी लागेल असं. पण बाईनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं त्याच्या हातातली पत्रिका घेतली, पदरानं पुसली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.

"पयली पत्रिका देवापुढं ठिवत्यात, भावजी. मी तुमाला देऊन राहिले. लेकरांना घेऊन या लग्नाला."