सुलोनं पिळलेला स्क्रू

सुलो काही शिकलेला मेकॅनिक नव्हता. सगळी उमेद लोखंडाच्या खाणीत घालवून घरी बसलेला माणूस. पण अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराकाठच्या, फिनलंडहून आलेल्या लोकांच्या त्या जंगलगावात ज्याच्या शेडमध्ये पाने-पकडी, तो मेकॅनिक! रानात फिरायच्या चार फुगीर चाकांच्या उघड्या गाड्या, जुन्या टू-स्ट्रोक एटीव्ही, त्याच्या दाराशी कायम उभ्या असायच्या. नुसत्या आवाजावरून आपण दोष ओळखतो, असं तो सांगायचा. न विचारताही सांगायचा.

त्याची थोरली बहीण ऐली गावाच्या टोकाला एकटी राहायची. नवरा गेल्यापासून त्याच्याच एटीव्हीवरून सरपण आणायची. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होणार त्याच्या आदल्या दिवशी ती ती गाडी घेऊन आली.

"हिला काय झालंय बघ रे. रेसच्या खटक्यावरून अंगठा काढला की बंद पडते. दाबला की आधी घुसमटते आणि मग एकदम उसळी मारते."

सुलोनं आवाज ऐकला आणि त्याला कळलं. उन्हाळ्यातलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये सुकून जेटच्या बारीक भोकात कचरा धरला होता. कार्ब्युरेटर उतरवायचा, जेटमध्ये तार घालायची, फुंकर मारायची, तासाभराचं काम. पण बाहेर ट्रकमध्ये बंदुका भरून दोस्त हॉर्न बडवत होते. त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्लोचा स्क्रू, म्हणजे रेस न देता इंजिन किती जोरात फिरावं ते ठरवणारा, आत पिळला. इंजिन तरतरीत झालं.

"घे. आता बंद पडायची नाही."

"एवढंच?"

"एवढंच. तुझ्या हातची कॉफी पाज म्हणजे झालं."

ही नुसती मलमपट्टी होती, हे त्याला ठाऊक होतं. परत आल्यावर कार्ब्युरेटर खोलू, असं त्यानं मनाशी ठरवलंही. मग हरीण मिळालं, मटण वाटलं, बढाया झाल्या आणि राहून गेलं ते गेलंच.

पुढे एके दिवशी ऐली सरपण आणत असताना जेटमधला कचरा आपोआप सुटला. पेट्रोल नीट येऊ लागलं, स्क्रू मात्र तसाच पिळलेला, त्यामुळे गाडीचा स्लो भलताच वाढला. या गाड्यांना हाताचा क्लच नसतो. इंजिन हळू असेल तोवर गिअरमध्येही त्या जागच्या हलत नाहीत, जोर वाढला की आपोआप पकड घेऊन निघतात. म्हणून गावात उतरताना गिअर कुणीच काढत नाही. ऐलीही नेहमीसारखी इंजिन चालू ठेवून तशीच उतरली आणि वाटेत पडलेला ओंडका उचलायला गाडीपुढे वाकली. गाडी चालत आली आणि तिला लाकडांच्या राशीवर दाबून बंद पडली. कमरेचं हाड मोडलं.

"मी अंगठा लावलाच नव्हता," हॉस्पिटलात ती पुन्हापुन्हा सांगत होती. "ती आपली आपण आली."

"आई, गाड्या आपल्या आपण येत नाहीत," तिचा मुलगा डेनिस म्हणाला. तो शहरातून धावत आला होता.

गाडी आणायला सुलो गेला. किक मारली तर इंजिन किंचाळलं. आपण पिळलेला स्क्रू त्याला आठवला. शेडमध्ये आणून त्यानं कार्ब्युरेटर खोलला, धुतला, जेट फुंकला, स्क्रू पूर्वी होता तिथे आणला. आता कुणाला धोका नको, असं तो स्वतःला म्हणाला. आपण पुरावाही धुऊन टाकतोय, हे त्याला तेव्हाच कळत होतं.

ऐली वॉकर घेऊन घरी आली. सुलो रोज जायचा, तिची शेगडी पेटवायचा, लाकडं रचायचा, भावानं करावं त्याच्या दुप्पट करायचा. एके सकाळी ती स्वयंपाकघरात बसून काहीतरी पुटपुटत होती. चुलत भावंडांची नावं, मग चर्चमधल्या जुन्या पाद्र्यांची.

"काय गं, जप चाललाय?"

"आठवतंय का बघते. अंगठा मीच दाबला असेल आणि विसरले असेन. आईचं असंच सुरू झालं होतं ना रे? शेवटी तिनं आपल्यालाही ओळखलं नव्हतं."

"काहीतरीच बोलू नकोस," सुलो म्हणाला आणि त्यानं कपात तोंड घातलं. सांगायचं ते ओठांपर्यंत आलं होतं. कॉफीबरोबर गिळलं. घरी जाताना त्याला स्वतःची किळस आली.

डेनिसनं मग ठरवून टाकलं. घर विकायचं आणि आईला त्याच्या शहरातल्या वृद्धाश्रमात न्यायचं. ऐली अडून बसली. शेवटी त्यानं सुलोला गाडी घेऊन बोलावलं. अंगणात सुरू केली, गिअर टाकला आणि सरळ गाडीच्याच पुढ्यात जाऊन उभा राहिला. गाडी शहाण्यासारखी जागच्या जागी गुरगुरत राहिली.

"बघ आई, आली का? मामा, तूच सांग. दोष आहे हिच्यात?"

"नाही," सुलो म्हणाला. आता खरोखरच नव्हता.

ऐलीनं एकदा गाडीकडे बघितलं. तिचे खांदे उतरले.

"बरं," ती म्हणाली. "कधी निघायचं?"

आयुष्यात कुणापुढे न नमलेली बाई इतक्या सहज हो म्हणालेली सुलोला सोसवली नाही.

"डेनिस, बाजूला हो."

तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं स्क्रू आत पिळला. आवाज चढत गेला. गाडीनं पकड घेतली, बर्फ चिरडत ती आपली आपण निघाली आणि कुंपणाला जाऊन भिडली. सुलोनं धावत जाऊन बटण बंद केलं.

"अशी होती ती. मीच केली होती, शिकारीच्या घाईत. नंतर गपचूप नीट केली आणि तोंड शिवून बसलो."

"मामा, अरे माणूस आहेस की कोण!" डेनिस ओरडला.

ऐलीनं त्याला हातानं थांबवलं. "तुला कधी कळलं, सुलो?"

"तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा."

"म्हणजे मी नावं आठवत बसले होते, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"हाडाचं काही नाही रे. हाड जुळतं," ती म्हणाली. "पण मी रोज डोळे उघडल्यावर आधी बघत होते, अजून मी मीच आहे ना. आणि तू समोर बसून माझ्याच हातची कॉफी पीत होतास."

तिनं मुलाकडे बघितलं.

"डेनिस, तुझ्या त्या आश्रमाला कळव. मी येत नाहीये."

ती घराकडे वळली. पायरीवर बर्फ होतं, म्हणून सुलोनं लगबगीनं हात पुढे केला. तो हात तसाच राहिला. तिनं कठडा धरला आणि एकेक पायरी चढून ती आत गेली.