एसीच्या तोंडाला मीच बांधलेली जाळी

मंडळी, दुपारचा घाम अजून वाळला नाही, तोवर सांगून टाकतो.

लेकीला आणि तिच्या वीस दिवसांच्या बाळाला कळवणहून नाशिकला आणत होतो. पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली, आणि एसीतून एकदम गरम वारा! काच उघडावी तर बाहेर झळा. बाळ लालबुंद झालं, रडून रडून गप्पच पडलं.

"अप्पा, काहीतरी करा हो!"

"गॅस गेला असणार गं."

गाडी निंबाखाली घेतली. लेक ओल्या फडक्यानं बाळाला पुसत बसली, मी बॉनेट उघडलं. कांद्याची टरफलं आत जाऊ नयेत म्हणून गेल्या महिन्यात मीच हौसेनं पुढे बारीक जाळी बांधली होती. तीच टरफलांनी गच्च भरलेली! वारा लागल्याशिवाय एसीचा गॅस गार करणारा पुढचा कंडेन्सर थंड होणार कसा?

लगेच जाळी कापून काढली. थोड्या वेळानं गारवा आला, आणि बाळानं भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

लेक डोळे पुसत म्हणाली, "अप्पा, पाळण्याची मच्छरदाणी मात्र मीच लावीन हं!"

तुम्हीही काळजीपोटी गाडीला असं काही बांधलंय का? आजच बघा बरं.