पाहुण्याचा रविवार

माझ्या धाकट्या बहिणीला भांडता येत नाही. आमच्या घरात भांडणाचं खातं लहानपणापासून माझ्याकडे असल्यामुळे तिला कधी सरावच झाला नाही. एका हॉटेलच्या धुलाईघरात ती दिवसभर चादरींना इस्त्री करते, संध्याकाळी लालबुंद झालेले हात घेऊन घरी येते, आणि रस्त्यात कोणी धक्का मारला तरी आपणच 'सॉरी' म्हणते. अशा बाईला नवऱ्यापासून वेगळं व्हावं लागलं आणि वर त्याच्याकडून लेकीची पोटगी वसूल करायची वेळ आली. काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

तिचा नवरा फर्निचरच्या कारखान्यात सुतार. घटस्फोटानंतर मी त्याला 'पाहुणा' म्हणायला लागले, कारण महिन्याच्या पहिल्या रविवारी तो पैसे द्यायला घरी यायचा. पहिला रविवार म्हणजे कधी दुसरा, कधी तिसरा. कोर्टाने ठरवलेली रक्कम म्हणजे कधी निम्मी, कधी त्याहूनही कमी. दारात चपला काढतानाच कारणं सुरू व्हायची. ओव्हरटाइम बंद झाला, दाढ काढावी लागली, मित्राला उसने दिले. मी स्वयंपाकघरातून त्याला ऐकू जाईल अशा बेताने भांडी आपटायचे. धाकटी मुकाट्याने चहा टाकायची.

भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरेल तर शपथ. पण त्या रविवारी ती सकाळपासून जिन्याच्या पायरीवर बसून राहायची. नोटा एकदा टेबलावर पडल्या की पाहुण्याच्या चेहऱ्यावर रंग यायचा आणि तो जरा ऐसपैस बसायचा. मग नळ घट्ट कर, खिडकीची कडी बसव, असं चालायचं. भिंगरी त्याच्या गळ्यात लोंबकळत शाळेतलं सगळं सांगायची. शेवटच्या वेळी तिच्या अभ्यासाच्या टेबलाचा ड्रॉवर अडकत होता. त्याने कानावरची पेन्सिल काढून आतल्या फळीवर दोन रेघा मारल्या आणि म्हणाला, "पुढच्या वेळी नवी पट्टी आणतो."

राहिलेल्या पैशांसाठी धाकटी वसुली कार्यालयात खेपा घालायची. तिथे 'नोटीस पाठवली आहे' यापलीकडे कोणी काही सांगत नसे. शाळेची फी, घरभाडं, भिंगरीचे बूट, सगळ्यांना तोंड देता देता तिच्या नाकी नऊ यायचे. त्यामुळे नवा कायदा आला तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. आता पोटगी थेट पगारातून कापायची, कारखान्याने ती कार्यालयात भरायची आणि कार्यालयाने आईच्या खात्यात टाकायची. कारणं नाहीत, दाढा नाहीत, मित्र नाहीत.

आणि खरंच पैसे आले. पूर्ण आले, वेळेवर आले. आमचा जीव भांड्यात पडला. भिंगरीला थंडीचा कोट घेतला. हा कायदा वाईट आहे असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

पाहुणा मात्र आला नाही.

पहिल्या महिन्यात मी म्हटलं, "बरं झालं, चहा वाचला." दुसऱ्या महिन्यात भिंगरी दुपारपर्यंत पायरीवर बसली आणि जेवायलाही वर आली नाही. धाकटीने फोन केला तर तो म्हणाला, "बघतो." पुढेही तो 'बघतो'च म्हणत राहिला. मी ड्रॉवरला सुतार बोलावला तर भिंगरीने त्याला हात लावू दिला नाही. "बाबा पट्टी आणणार आहेत," म्हणाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या माणसाला आमच्या दारात यायला हातात काहीतरी लागत होतं. अर्धे का होईना, पैसे घेऊन आला की तो बाप असायचा. आता पैसे त्याच्याआधीच येऊन बसत होते, आणि रिकाम्या हाताने यायला त्याला तोंड नव्हतं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. दोन्ही एकदम आली की मला काही सुचत नाही.

धाकटी कार्यालयात गेली. मीही गेले, भांडायला. खिडकीमागच्या बाई चांगल्या होत्या, तीच तर अडचण.

"थोडे पैसे पूर्वीसारखे हातात दिले तर चालतील का?" धाकटीने विचारलं.

"नाही हो ताई. एकदा कपात सुरू झाली की ती ना तुम्हाला थांबवता येते, ना त्यांना. कायद्यात तसंच आहे."

"मग त्यांनी मुलीला भेटायला यावं म्हणून काही?"

"भेटायचा हक्क त्यांना आहेच. पण यायलाच हवं अशी सक्ती कोण करणार?" बाईंनी चष्मा काढला. "इथे सगळ्या पैसे येत नाहीत म्हणून रडतात. तुमचे येतायत ना?"

भांडणाची इतकी वर्षांची तयारी घेऊन मी गेले होते, आणि समोर भांडायला कोणी नव्हतंच.

शेवटी आम्ही तिघी कारखान्याच्या फाटकावर गेलो. भिंगरीने नवा कोट घातला होता, त्याला दाखवायला. जेवणाच्या सुट्टीत माणसं बाहेर आली, त्यांत तोही होता. केसांत भुसा, कानावर पेन्सिल. आम्हाला बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"का? या महिन्याचे आले नाहीत?"

"आले," धाकटी म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग काय झालं?"

धाकटीने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी कोटाच्या बटणाशी चाळा करत होती. तो दोन पावलं पुढे आला, भुशाने भरलेले हात पँटला पुसले, आणि ते कुठे ठेवावेत हे न कळून खिशात घातले. ड्रॉवरचं नाव कोणीच काढलं नाही. आतून कोणीतरी त्याला हाक मारली.

"काही नाही बाबा," भिंगरी म्हणाली. "सहज आलो होतो."

तो मान हलवून आत गेला.

बसथांब्यावर भिंगरीने आईचा हात ओढला.

"आई, तू पैसे आले नाहीत म्हणून सांगायचं होतंस."