दुसरा, छोटा कलश

बाबा गेल्यावर महिनाभर त्यांची राख स्मशानगृहातच होती. इथला नियम तसा आहे. लवकर हवी असेल तर अर्ज करता येतो, हे मला तो महिना संपल्यावर कळलं. आईला मी ते अजून सांगितलेलं नाही.

आई-बाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे नेदरलँड्समध्ये कापेलला आले होते. तिसऱ्या आठवड्यात बाबा गेले. सकाळी, दात घासताना. नंतरचे दिवस फॉर्म भरण्यात गेले. खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, मृत्यूची नोंद, प्रवासविमा, दूतावासाची कागदपत्रं. प्रत्येक फॉर्मवर त्यांचं पूर्ण नाव लिहायचे आणि स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघायचे. विधींचे शब्दही मी त्याच दिवसांत आईकडून एकेक करून शिकले. शाळेत ते कुणी शिकवले नव्हते, आणि घरी कधी विचारायची वेळ आली नव्हती.

मग राख कशात हवी, असं विचारणारा ईमेल आला. सोबत कलशांची यादी होती. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ब्रेड खाता खाता मी ती बघितली. हृदयाच्या आकाराचे कलश, रंगीत काचेचे, फोटो लावायची सोय असलेले, एक तर चक्क फुटबॉलसारखा. एकाखाली लिहिलं होतं, 'कोणत्याही दिवाणखान्यात शोभेल.' पडदे निवडावेत तशी मी पानं खाली सरकवत होते. विमानात न्यायला साधा प्लॅस्टिकचा डबा लागतो, कारण धातूच्या आत काय आहे ते तपासणीच्या यंत्राला दिसत नाही. तो मी निवडला. खाली आणखी एक प्रश्न होता: घरी ठेवायला छोटा कलश हवा का? मी 'हो' वर टिक केली. निळसर चिनी मातीचा, मुठीएवढा.

आपल्यात अस्थी घरात आणत नाहीत, प्रवास लांबला तर बाहेर झाडाला टांगून ठेवतात, एवढं तोवर मला माहीत झालं होतं. पण मला तोंडानं काही मागता येत नाही. ईमेलमध्ये येतं.

आईचं विमान रविवारचं होतं. गुरुवारी आम्ही राख आणायला गेलो. करड्या स्वेटरमधल्या एका बाईंनी आम्हाला टेबलाशी बसवलं, पांढरा डबा समोर ठेवला आणि त्याच्या शेजारी तो निळा कलश.

"आणि हा तुम्ही घरासाठी मागवलेला," त्या आईकडे बघून सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. आईला कळावं म्हणून. आईला कळलं.

"घरासाठी? कुणाच्या?"

"माझ्या."

"शोकेसमध्ये ठेवणारेस बापाला? त्या कॅक्टसशेजारी?"

"आई, हळू बोल ना."

"तिला कुठं मराठी कळतंय."

बाईंना पुरेसं कळलं असावं. कॉफी आणते म्हणून त्या उठल्या.

"हे असंच तुझं पहिल्यापासून," आई म्हणाली. "सगळं लपूनछपून. सहलीच्या कागदावर सही हवी असली तरी यांच्याकडे जायचीस, माझ्याकडे नाही. आणि हेही मुकाट्यानं करून द्यायचे."

मी डब्यावरच्या नावाचं स्पेलिंग ताडून बघितलं.

"माणूस अडकतो गं असं ठेवलं की."

"अडकू दे थोडा," मी म्हटलं.

ते माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर मलाच ऐकू आलं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. तिचे डोळे महिन्याभरात खोल गेले होते.

बाई कॉफी घेऊन आल्या. राख दोन्हींत विभागायची ना, त्यांनी विचारलं.

"आधी विचार तिला, ह्यात अस्थी आहेत का नुसतं पीठच केलंय," आई म्हणाली.

मी जरा नीट शब्दांत विचारलं. हाडं दळली जातात, बाई म्हणाल्या. पण एक दगड असतो. त्यांनी हातमोजे घातले, डब्याचं झाकण उघडलं आणि बिस्किटाएवढा एक गोल, चपटा दगड काढून टेबलावर ठेवला. त्यावर आकडे कोरलेले होते. शवपेटीबरोबर तो आत जातो आणि राखेबरोबर बाहेर येतो, म्हणजे अदलाबदल होत नाही. मी आईला सांगितलं.

"आत? यांच्याबरोबर?"

"हो."

स्मशानात ज्या दगडानं मडकं फोडतात तो जीवखडा. दहा दिवस तो जपायचा, त्यावर तिळाचं पाणी घालायचं. इथं मडकंच फोडलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर गुरुजी म्हणाले, कुठलाही घ्या, म्हणून मी शेजारच्या बागेतला एक खडा उचलून आणला होता. आईनं दहावं त्यावरच केलं. पण त्यानंतर ती सारखं एकच म्हणत होती, की त्या दगडानं त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं.

आता तिनं तो आकड्यांचा दगड उघड्या हातात घेतला. आईचा अंगठा बराच वेळ आकड्यांवरून फिरत राहिला.

"हा माझ्याबरोबर येणार."

"तो मोठ्या डब्यातच असतो, आई."

"मग ठीक आहे." तिनं तो स्वतःच्या हातानं डब्यात ठेवला. बोटांना लागलेली राख तिनं पुसली नाही. "तू थोडी ठेव. पण वर्षश्राद्धाला येशील तेव्हा घेऊन यायची. कायमची नाही."

"बरं."

"आणि घरात नाही. बाल्कनीत. उंबऱ्याबाहेर."

बाल्कनीचं ऐकून बाईंनी नकारार्थी मान हलवली. निळा कलश घरात ठेवायचा होता, बाहेर बर्फात तडकला असता. बाहेर टिकणारे मागच्या कपाटात होते. मी उठायच्या आत आई गुडघ्यावर हात टेकून उठली. तिनं एकेका कलशावर टकटक करून बघितलं, झाकणं फिरवून बघितली. शेवटी एक करडा, बुटका, दगडी कलश तिनं पुढे ओढला.

"हा घे. लोणच्याच्या बरणीसारखा दिसतो, पण झाकण घट्ट आहे. हिला विचार, वाऱ्यानं पडतो का."

मी विचारलं. बाईंनी कलश जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी ढकलून दाखवला. तो हलला नाही.

आईनं पर्समधून रुमाल काढला आणि खुर्चीत बसून तो कोराच कलश आतून कोरडा पुसायला घेतला.