शांत आवाजाची बाई

दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईला सगळे कवळीवहिनी म्हणत. नवरा गेल्यापासून ती आणि तिची मोठी नणंद एकाच जिन्याच्या वर-खाली राहत. वर वहिनीची कामाची खोली. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि खिडकीशी मेणात दात बसवत बसलेली ती. "माझं पोट लोकांच्या दातांवर चालतं," असं हसून सांगायची.

तिला बायपोलरचा आजार होता. मन कधी उधळायचं, कधी तळाला जायचं. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने फोनवर एक अ‍ॅप घेतलं होतं. झोप किती झाली, गोळी घेतली का, मन कसं आहे, असं ते रोज सकाळी विचारायचं. बरं असताना तिने त्यात स्वतःसाठीच एक निरोप बोलून ठेवला होता. झोप सलग कमी झाली की तो वाजायचा आणि नणंदेच्या फोनवर सूचना जायची.

त्या आठवड्यात वहिनीला झोपेची गरजच वाटेना. हात सपासप चालत होते. फळीवरचे जबडे ओळखीचे वाटू लागले. कोण खोटं बोलतं, कोण लवकर जाणार, सारं तिला दातांवरून कळत होतं. भीती अशी वाटत नव्हती. उलट इतकं स्वच्छ तिला कधी दिसलंच नव्हतं.

दुपारी फोन बोलला. "अगं, मी तूच बोलतेय. तुला आत्ता सगळं लख्ख दिसत असेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस. वन्संना हाक मार."

वहिनीच्या हातातली सुरी थांबली. आवाज तिचाच, पण संथ, थंड. कोणीतरी बाई आपला आवाज चोरून आत बसलीय आणि आता आपल्यालाच बाहेर काढणार, असं तिला वाटलं. तिने फोन प्लास्टरच्या भुकटीच्या डब्यात खोल पुरला. भुकटीतूनही तो दबक्या आवाजात म्हणालाच, "वन्संना हाक मार."

तिने वर पाहिलं. सगळे जबडे तिच्याकडे तोंड करून होते. सकाळी ते भिंतीकडे वळवून ठेवल्याचं तिला पक्कं आठवत होतं.

जिन्यावर पावलं वाजली. नणंद दारात उभी राहिली.

"वहिनी, फोनने बोलावलं मला."

"तिचं ऐकू नका, वन्सं. ती मी नाही."

नणंद खुर्ची ओढून बसली. "बरं, नसेल. पण मी तर मीच आहे ना? मग माझं ऐक. डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

वहिनी बराच वेळ तिच्या दातांकडे बघत राहिली. मग उठून तिने चप्पल घातली.

गोळ्या बदलल्या. हळूहळू झोप परतली, अ‍ॅपवरची मनाची चढलेली रेघ खाली आली. एकदा ती रेघ बघताना दोघींना आणखी एक निरोप सापडला, त्याच उधळलेल्या दिवसांतला. वहिनीला तो बोलल्याचं आठवत नव्हतं. आतली बाई भरभर, लाडात हसत म्हणत होती, "तू परत आलीस की मला पुसून टाकशील, माहितेय मला. पण मी कुठे जात नाही हं."

नणंदेने पुसायला बोट पुढे केलं. वहिनीने तिचा हात धरला. "राहू द्या. ती यायला लागली की मला ओळखता आली पाहिजे."

तेव्हापासून नणंद वर जाताना अर्ध्या जिन्यातूनच विचारते, "वहिनी, आहेस ना?"

"आहे की," उत्तर येतं. तरी ती पायरीवर जरा थांबते. आवाज कुठल्या बाईचा आहे, ते कान देऊन ऐकते, आणि मगच वर जाते.