छातीतली गारगोटी

एकतीस वर्षं हरिदास खोब्रागडे सरकारी दवाखान्यांत लोकांच्या छातीचे एक्स-रे फोटो काढत आला. बदल्या तीन-चार झाल्या, पण काम तेच. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. फोटो काढायचा, अंधाऱ्या खोलीत धुवायचा, सुकवायचा आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवायचा. त्यात काय दिसतं हे सांगायचं काम त्याचं नव्हतं. पण एकतीस वर्षांत डोळा शिकतोच.

नोकरीच्या शेवटच्या काळात कोसमटोल्याची माणसं येऊ लागली. मुलचेऱ्याचा रस्ता सोडून जंगलात आत गेलं की ही तीसेक घरांची गोंडांची वस्ती. तिच्या कडेला एका व्यापाऱ्यानं गारगोटी दळायची गिरणी टाकली होती. काच कारखान्यांना लागणारी पिठासारखी भुकटी तिथं पोत्यांत भरली जाई. तिथल्या माणसांच्या फोटोत दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला, तांदळाची कणी सांडावी तसे ठिपके दिसत. थुंकीत टीबीचे जंतू सापडत नसत, तरी सगळ्यांना टीबीच्याच गोळ्या मिळत. कुणाला दुसऱ्यांदा, कुणाला तिसऱ्यांदा.

एकदा त्यानं धीर करून म्हटलं, "साहेब, हा टीबी वाटत नाई. हे सारे एकाच गिरणीतले आहेत."

"खोब्रागडे, तुम्ही फोटो काढा," डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

हरिदासनं फोटो काढले. निवृत्तीचा हार गळ्यात पडेपर्यंत तो पुन्हा काही बोलला नाही. तेच पुढं त्याला खात राहिलं.

वर्षभरानं चामोर्शीच्या बाजारात त्याला नवऱ्याला फोटोसाठी घेऊन येणारी कोसमटोल्याची मंगली दिसली. चारोळी विकत होती. मागं भिंतीला टेकून तो, जंगू, बसला होता, चाळिशीही न गाठलेला. फोटोसाठी बनियान काढायचा तेव्हाचे त्याचे खांदे हरिदासच्या चांगले लक्षात होते. आता त्या जागी नुसती हाडं होती.

"गोळ्या चालू आहेत का?" हरिदासनं विचारलं.

"तिसरा कोर्स हाये, भाऊ," मंगली म्हणाली. "गोळ्या खाऊन मानूस सुधरते म्हन्तात. हा त चार पावलं चालला का बसते."

दुसऱ्याच दिवशी हरिदास कोसमटोल्यात गेला. पळसाची पानं भुकटीनं पांढरी होती, कौलं पांढरी होती, उघड्या राहिलेल्या घागरीवर साय धरावी तसा थर होता. पोती भरणाऱ्या बाया नाकाला पदर बांधून काम करत होत्या. गिरणीनं तोंडाला बांधायला फडकंही दिलं नव्हतं. जुने फोटो घराघरांत आढ्याला खोचलेले सापडले. ते सगळे गोळा करून आणि जंगूला सोबत घेऊन तो नागपूरला गेला.

तिथं डॉक्टर रश्मी नावाच्या छातीच्या डॉक्टर होत्या. त्यांनी एकेक फोटो उजेडावर धरून पाहिला. मग जंगूला बाहेर बसवून त्यांनी सांगितलं, "ही दगडाची धूळ आहे. आत गेलेली धूळ परत निघत नाही. याला औषध नाही."

"मग गिरणीवर काही करता येईल?"

"गिरणीवाले टीबीचेच कागद पुढं करतील. फोटोवर वाद घालता येतो." त्यांचा आवाज खाली आला. "फुप्फुसाच्या तुकड्यात धूळ सापडली तर वाद उरत नाही. पण तो तुकडा माणूस गेल्यावरच मिळेल."

त्या दिवसापासून हरिदास दर आठवड्याला टोल्यात जाऊ लागला. ऑक्सिजनचं नळकांडं मिळवून दिलं, उशीला पाठ टेकवून कसं बसवायचं ते मंगलीला शिकवलं. मदत तो मनापासून करत होता. आणि मनाचा एक कोपरा वाट पाहत होता. हे त्याला कळत होतं.

एका दुपारी जंगूच म्हणाला, "भाऊ, तू माह्याकडे नाई, माह्या छातीकडे पाहून राह्यला."

हरिदासला खोटं बोलता आलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. जंगू दम घेत घेत म्हणाला, "चिरलेल्या मानसाले आमचे मेलेले जुने लोक आपल्यात घेतीन का, मले नाई मालूम. मंगलीले इचार. मी गेल्यावर ते म्हनन तसं करजो."

मार्गशीर्षात जंगू गेला. हरिदास पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. जंगूचा धाकटा भाऊ विनोद दारात आडवा उभा होता. तोही त्याच गिरणीत होता.

"भावाले बकऱ्यासारखा फाडू देनार नाई मी," तो म्हणाला.

मंगली आतून आली. रडून तिचा आवाज बसला होता. "उद्या तू कुठी जाशीन कामाले?"

विनोदनं गिरणीच्या दिशेनं पाहिलं.

"तिथीच ना? मंग बाजूले हो."

प्रेत ट्रॅक्टरवरून दवाखान्यात गेलं आणि दुसऱ्या दिवशी शिवून परत आलं. त्याला पुरलं, पण पूर्वजांत मिळवायच्या विधीला टोल्यातली निम्मी घरं आली नाहीत. विहिरीवर मंगली आली की बाया घागरी उचलून बाजूला सरत.

पाच महिन्यांनी प्रयोगशाळेचा कागद आला. फुप्फुसाचा नमुना कुजलेल्या अवस्थेत मिळाला, निष्कर्ष देता येत नाही. कुणीतरी बरणीत तुकडा टिकवायचं औषध कमी घातलं होतं, किंवा बरणी कुठल्यातरी टपालाच्या खोलीत उन्हात पडून राहिली होती. कोण, कुठं, हे हरिदासला शेवटपर्यंत कळलं नाही.

तो मंगलीला सांगायला गेला. ती मोह वाळत घालत होती. सगळं ऐकून तिनं हात थांबवला.

"मंग काऊन चिरलं त्याले?"

हरिदास उन्हात उभा राहिला. तिनं पुन्हा विचारलं नाही आणि बस असंही म्हटलं नाही.

त्यानंतर वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. तो येत राहिला. दुसऱ्यांच्या घरी जायचा, धाप लागलेल्यांना नागपूरला न्यायचा, गिरणीवर झाकण आणि पाण्याचे फवारे बसवा म्हणून तालुक्याला अर्ज द्यायचा. अर्जाची पोच मिळायची. डॉक्टर रश्मींनी दवाखान्यांना पत्रं लिहिली. त्याचा एवढा उपयोग झाला की गोळ्या देण्याआधी तिथले डॉक्टर "काम कुठं करता?" हे विचारू लागले.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मंगलीनं स्वतः निरोप धाडला. विनोद खाटेवर होता. बत्तिसाव्या वर्षी त्याचे ओठ निळे पडले होते.

"भाऊ," तो म्हणाला, "माह्या वेळी नीट ठेवजो."

या वेळी हरिदासनं बरणी आणि औषध आधीच आणून ठेवलं. विनोद गेल्यावर शवविच्छेदनाच्या वेळी तो दारात उभा राहिला आणि बरणी औषधानं काठोकाठ भरल्याची खात्री करूनच त्यानं झाकण लावू दिलं. कागदांवर सही-शिक्के घेऊन बरणी त्यानं स्वतःच नागपूरला न्यायची ठरवली. मंगली म्हणाली, "मीबी येतो." एसटीत सहा तास तिनं ती कापडी पिशवी मांडीवर धरली. शेजारच्या बाईनं विचारलं, "लोनचं हाय का?" मंगलीनं नुसती मान हलवली.

अहवाल आला, तुकड्यात धूळ सापडली होती. चौकशी झाली, सात महिन्यांनी गिरणीला टाळं लागलं. टोल्यात कुणी आनंद केला नाही. अकरा माणसं खोकत होती, आणि पोती भरायचं कामही गेलं होतं.

दिवाळीच्या सुमारास हरिदासला कळलं की गिरणीची यंत्रं नदीपलीकडं, आणखी आतल्या एका गावाशेजारी बसली आहेत. पाटीवर नाव वेगळं होतं. तो मंगलीला घेऊन तिथं गेला. झाडाखाली बाया जमल्या. मंगली त्यांच्याशी गोंडीत बोलली, बराच वेळ, हातवारे न करता. हरिदासला त्यातलं थोडंच समजलं. दोन नावं तेवढी ओळखू आली.

बोलून झाल्यावर एक तरणी बाई पदराला हात पुसत उठली आणि काहीतरी म्हणाली. बाकीच्या खाली पाहू लागल्या.

"काय म्हणते?" हरिदासनं विचारलं.

"म्हन्ते, दुसरं काम सांग," मंगली म्हणाली.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. बाया उठल्या. तिघी मात्र बसून राहिल्या. मंगली सरकून त्यांच्याजवळ बसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.