उजव्या हाताचं मुंगूस

मुंगूस दिसलं की आमच्या गावात माणसं हात जोडतात, आता काम होणार म्हणून. माझी माय मात्र पाठ फिरवून उभी राहायची. बाबा गेल्यापासून. मुंगसानं खोटा शकुन दिला, त्याचा तो राग, असं मी धरून चालले होते.

बाबांच्या पोटात गाठ होती. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं ठरलं. मी अकरा वर्षांची. बैलगाडी नदीकाठच्या कारध्यापर्यंत आली आणि पुलाच्या अलीकडेच बाबा उतरून खाली बसले. उठेचनात. "मी नाही येत. तिकडं गेलेला मानूस वापस येत नाही," एवढंच. माय आधी समजावत होती, मग रडली.

आणि एकदम ओरडली, "मुंगूस! पाहा ना, उजव्या हाताले! काम होते आता." डोळे घट्ट मिटून तिनं हात जोडले.

मी पाहिलं, बाबांनीही पाहिलं. रेतीवर एक तपकिरी ओली पाठ. ते जनावर सावकाश पाण्यात शिरलं आणि बुडालं. बाबा त्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी मायकडे पाहिलं. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. खांद्यावरचा दुपट्टा झटकून ते उठले, "चाल," म्हणाले.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ते गेले. मी रडले नाही. लोक म्हणाले, पोरगी शहाणी आहे. शहाणी कसली, आत काही हलतच नव्हतं. शाळेत गेले, जेवले, पास झाले. बधिरपणाही अंगवळणी पडतो.

पुढं भंडाऱ्याला कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं. एकदा सरांनी परदेशी मासिकातलं एक चित्र फळ्यावर काढलं. कोलंबियाच्या डोंगरातल्या रानातला, लांबुडका, गडद तपकिरी प्राणी. नुकतं कुठं त्याला शास्त्रातलं नाव मिळालेलं, तेही संग्रहालयातल्या मोजक्या कातड्यांवरून. जिवंत पाहिलेलं जवळजवळ कुणीच नाही. मराठीत शब्द सापडेना, म्हणून सरांनी खाली 'मुंगूस' लिहिलं आणि लगेच पुसलं. "मुंगूस नव्हे. हा पाणमांजराच्या कुळातला. बोटांमधली कातडी पाहा. पाण्याकाठचा असावा."

चित्र वहीत उतरवताना, त्या कातडीपाशी आले आणि मला कारध्याची रेती आठवली. मुंगूस अशी बुडी मारत नाही. इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं. सुचायला आधी आठवावं लागतं, आणि मी ते आठवायचंच टाळत आले होते.

शनिवारी एस.टी.नं घरी गेले. माय तांदूळ निवडत बसली होती. वही तिच्यापुढं ठेवली. वाटलं, तिचा राग तरी जाईल.

"माय, मुंगसावर कायले रागावते तू? ते मुंगूस नव्हतंच. पानमांजर होतं."

तिचा हात सुपात थांबला. "मले मालूम आहे," ती म्हणाली. "कारध्याची पोरगी आहो मी. पानमांजर ओळखत नाही काय? तुहे बाबा उठूनच नव्हते राहिले. मंग काय करू?"

म्हणजे ती पाठ फिरवायची ती रागानं नव्हे. खऱ्या मुंगसाला तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती. मला वाईट वाटलं. किती वर्षांनी काहीतरी वाटलं.

पुन्हा तांदूळ निवडत तिनं खालमानेनंच विचारलं, "त्यायनं पाह्यलं होतं काय गं, ते पान्यात जाताना?"

बाबांची सारी हयात त्याच नदीच्या काठी गेली होती.

"नाही," मी म्हटलं. "बाबा तुह्याकडंच पाहून राहिले होते."